फिरलेले देऊळ, वळवलेली नदी

औंढा नागनाथाचे देऊळ फिरल्याची कथा मराठी वाचकास नवी नाही. नामदेव देवळासमोर कीर्तनास उभे राहिले. पूजेस अडथळा होतो म्हणून त्यांना मागे जाण्यास सांगण्यात आले. ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच वळून त्यांच्यासमोर आले. नंदी देवळाच्या पाठीशी का, या प्रश्नाचे उत्तर औंढ्यास आजही याच कथेने दिले जाते. खालचा यादवकालीन दगडी भाग आणि वरचे पुढील काळातील शिखर यांचा विचार करणारा स्थापत्याचा अभ्यासक या रचनेची निराळी उपपत्ती लावू शकेल. त्याचा अधिकार मान्य करूनही असे म्हणता येते की, गावाने आपल्या देवळाचा अर्थ लावण्यासाठी हीच कथा निवडली, आणि ती निवड हा सांस्कृतिक इतिहासाचा एक दस्तऐवज आहे.

या कथेचा एक पाठ महाराष्ट्राबाहेर, गुरू ग्रंथसाहिबात, जतन झाला आहे. तेथे समाविष्ट असलेल्या नामदेवांच्या ६१ पदांपैकी एका पदात हा प्रसंग प्रथमपुरुषी निवेदनाने येतो. भक्तीत रमलेल्या नामदेवाला देवळातून धरून उठवले जाते, आपल्या हीन मानल्या गेलेल्या जातीविषयी तो देवालाच प्रश्न करतो, कांबळे उचलतो आणि देवळामागे जाऊन बसतो. मग देऊळ फिरते. लक्षणीय गोष्ट अशी की, त्या पदात औंढ्याचे नाव नाही. संहितेने प्रसंग जपला आणि स्थळ सोडून दिले. औंढ्याने स्थळ जपले आणि प्रसंगातील अपमानाची धार बरीच बोथट करून ‘पूजेस अडथळा’ एवढेच कारण शिल्लक ठेवले. एकाच स्मृतीच्या या दोन वाटण्या शेजारी ठेवून वाचण्याचे काम मराठी संतसाहित्याच्या अभ्यासात फारसे झालेले नाही. कथेकडे एक तर चमत्कार म्हणून पाहिले गेले, किंवा जातिभेदाविरुद्धचा उद्गार म्हणून. दुसरे वाचन निश्चितच अधिक सकस आहे. परंतु त्यातही एक सूक्ष्म तपशील निसटतो.

देऊळ फिरले तेव्हा नामदेवांना पुढे बोलावण्यात आलेले नाही. त्यांची जागा बदललेली नाही. ते जेथे बसले होते तेथेच बसून राहिले आणि जे ‘मागे’ होते तेच ‘पुढे’ झाले. प्रवेश देणे, सामावून घेणे, रांगेत थोडे वर सरकवणे अशा कोणत्याही कृतीपेक्षा ही कृती मूलतः वेगळी आहे. येथे रांगेचीच दिशा बदलते. न्यायाची ही कल्पना तेराव्या-चौदाव्या शतकातील स्मृतीतून आलेली असो वा पुढील कीर्तनपरंपरेने घडवलेली असो, ती हिंगोलीच्या भूमीत रुजली आहे. आणि ज्या भूमीत ती रुजली, त्याच भूमीला आधुनिक प्रशासनाच्या भाषेत ‘मागास’ हे विशेषण मिळाले. मागास म्हणजे मागे असलेला. त्याच्यापुढे पर्याय एकच ठेवला जातो: पुढे येणे.

नामदेवांचे जन्मस्थान नरसी की पंढरपूर, हा वाद अभ्यासकांत जुना आहे आणि त्याचा निर्णय येथे करण्याचे कारण नाही. लोकश्रद्धेने मात्र निर्णय कधीच दिला आहे. हिंगोली तालुक्यातील नरसी हे नामदेवांचे गाव, आणि गावाजवळून वाहणारी कयाधू ही त्यांची नदी. पुराणांत कयाधू हे हिरण्यकशिपूच्या पत्नीचे, प्रल्हादाच्या आईचे नाव आहे. दैत्यकुळातील एका राणीचे नाव धारण करणारी ही नदी वाशीम जिल्ह्यात उगम पावते, सेनगाव, हिंगोली आणि कळमनुरी तालुक्यांतून वाहते आणि पुढे पैनगंगेला मिळते. ती बारमाही नाही. मराठी कवितेत इंद्रायणी आणि चंद्रभागा यांना जे स्थान लाभले ते कयाधूला लाभले नाही, आणि याचे कारण केवळ काव्यगत नाही. तीर्थाची नदी होण्यासाठी काठावर समाधी किंवा देवाचे पीठ लागते. येथे होता तो एका मुलाचा जन्म, आणि तो मुलगा पंढरपूरला गेला, पुढे पंजाबात घुमानपर्यंत गेला. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले तेव्हा मराठी साहित्यविश्वाने नामदेवांच्या मागोमाग दीड हजार किलोमीटरहून अधिक प्रवास केला. त्या प्रवासाची दिशा योग्यच होती. उगमाकडे पाहण्याची सवय मात्र त्यातून लागली असे दिसत नाही.

हिंगोलीच्या इतिहासाचा विचार करताना एका शब्दापाशी थांबावे लागते, तो म्हणजे ‘मोगलाई’. मराठी बोलणाऱ्याने कधी ना कधी ‘ही काय मोगलाई लागून गेली आहे?’ असे म्हटलेले असते. अंदाधुंदी या अर्थाने रूढ झालेल्या या शब्दाचा निजामी मुलूख हा एक शब्दशः अर्थ होता, आणि ब्रिटिश अंमलातील पुणे-नगरकडच्या माणसाच्या दृष्टीने हिंगोली मोगलाईत होती. एका प्रदेशाचे नाव दुसऱ्या प्रदेशाच्या बोलीत कुव्यवस्थेचा वाक्प्रचार होऊन बसावे, यात भाषिक विनोद आहेच. पण भाषेने आधीच दिलेला निकालही आहे. तेथे काही घडलेच तर ते अराजकच असणार, आणि काही नसले तर ते नसणे स्वाभाविक, अशी ही मनोभूमिका आहे. राज्य बदलले तरी असे वाक्प्रचार बदलत नाहीत.

त्या तथाकथित अंदाधुंदीत हिशेब मात्र चोख होता. १८१९ ते १९०३ या काळात हिंगोली हे हैदराबाद कन्टिन्जन्टचे लष्करी ठाणे होते. ही फौज निजामाच्या नावाने उभी होती, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा चाले. तिच्या खर्चाची बाकी साचत गेली आणि १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड कंपनीच्या हाती सोपवावे लागले. पैनगंगेच्या उत्तरेकडील काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसावरचा सारा दक्षिणेकडील छावण्यांच्या पगाराला जाऊ लागला. पैनगंगा ही तोवर एका मुलखातील नदी होती. आता ती दोन महसुली व्यवस्थांमधील रेषा झाली. एका काठावर मोजणी, प्रतबंदी, रेल्वे आणि कापसाची बाजारपेठ. दुसऱ्या काठावर जहागिरी आणि निजामी दप्तर. दोन्ही काठांवरची माती एकाच बेसॉल्टची, पाऊस जवळजवळ सारखा, बोलीही एकमेकींत मिसळणाऱ्या. आज ‘विदर्भ’ आणि ‘मराठवाडा’ अशा ज्या अस्मिता आपण जणू निसर्गसिद्ध मानतो, त्यांच्यामधील हा नदीवरचा भाग एका फौजेच्या थकलेल्या पगारातून निघालेला आहे. पर्यावरणाचा इतिहास म्हणजे जंगलतोडीचा आणि पावसाचा इतिहास, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य पाहावे. येथे तहाच्या कलमाने नदीचा अर्थ बदलला.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाडा निजामी अंमलातून मुक्त झाला, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. पुढील दोन दशकांत हिंगोलीच्या परिसरात दोन मोठ्या नद्यांवर धरणे झाली. पूर्णेवर येलदरी आणि तिच्या खाली सिद्धेश्वर. पैनगंगेवर, यवतमाळच्या सीमेला लागून, ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे इसापूर धरण, जे १९८२ मध्ये पूर्ण झाले. या धरणांनी जे दिले ते नाकारण्याचे कारण नाही. वसमतचा सुपीक पट्टा, तेथील ऊस, साखर कारखाना आणि हळद हे पूर्णेच्या कालव्यांशिवाय आजच्या रूपात कल्पिता येत नाहीत. परंतु धरणांबरोबर एक नवी परिभाषाही आली, आणि साहित्याच्या अभ्यासकाचे खरे काम तिच्यापाशी सुरू होते.

‘लाभक्षेत्र’ आणि ‘बुडीत क्षेत्र’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात माणसाला काय मिळणार ते आहे. दुसऱ्यात माणूस नाहीच, फक्त जमीन बुडते. माणसासाठी तिसरा शब्द करावा लागला: ‘प्रकल्पग्रस्त’. ग्रहणाने ग्रासावे, रोगाने ग्रासावे, तसे हे ग्रस्तपण. ग्रासणारा येथे प्रकल्प आहे हे शब्दातच कबूल केलेले असूनही, व्यवहारात हा शब्द एखाद्या प्रमाणपत्राचे नाव होऊन बसला. मराठवाड्यात ठेकेदाराला ‘गुत्तेदार’ म्हणतात. धरणाच्या काळात या जुन्या दख्खनी शब्दालाही नवे तेज चढले, हे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ने (१९९१) धरणग्रस्तांचे जग मराठी कादंबरीच्या केंद्रस्थानी आणले. त्या कादंबरीवरील चर्चेत मात्र करुणा आणि वास्तवदर्शन यांचाच ऊहापोह अधिक झाला. कायद्याची आणि कार्यालयाची मराठी माणसाला कसकशी नावे देत जाते, हा भाषेचा प्रश्न त्या मानाने दूर राहिला.

त्याहून विलक्षण उदाहरण १९६३ सालचे आहे. त्या वर्षी महाराष्ट्राने एक कायदा करून राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ ही संज्ञाच वगळली. तिची जागा ‘टंचाई’ने घेतली. राज्यात आता उपासमार होऊ दिली जाणार नाही, असा आत्मविश्वास त्यामागे होता, आणि तो सर्वस्वी पोकळ होता असेही नाही. १९७२ च्या अवर्षणात राज्यभर सुरू झालेली कामे आणि त्यातून आकारास आलेली रोजगार हमी योजना यांनी असंख्य माणसे जगवली. तरीही शब्दांचा हिशेब उरतोच. दुष्काळ हा काळ आहे. तो पडतो, त्याला आरंभ आणि अंत असतो, त्याची कथा होऊ शकते. टंचाई ही स्थिती आहे. तिला निवेदन नसते, तक्ता असतो. चिन्हमीमांसेचे पाठ पदव्युत्तर वर्गांत शिकवताना पॅरिसमधील उदाहरणे द्यावी लागतात, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. चिन्ह बदलून चिन्हितालाच अदृश्य करण्याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या विधिमंडळाच्या दप्तरात पडून आहे.

आणि मग ‘अनुशेष’. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला आणि प्रादेशिक असमतोल मोजण्याचा एक हिशेब राज्यास मिळाला. राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहायचे, आणि ती तूट म्हणजे अनुशेष. सिंचनाच्या बाबतीत निरनिराळ्या पिकांचे भिजलेले क्षेत्र रब्बीच्या समतुल्य मापात बदलून मोजले गेले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही रीत समजण्यासारखी आहे. तिच्यात दडलेले वक्रोक्तीचे अंग मात्र अर्थशास्त्रज्ञांच्या नजरेस येणार नाही. माप रब्बी हंगामाचे, आणि ज्या पाण्याचे माप घ्यायचे त्याची ओढ उसाकडे.

हिंगोलीच्या संदर्भात या रीतीची मर्यादा फारच ठळक होते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. म्हणजे १९८४ मध्ये, आणि १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली तेव्हाही, हिंगोली नावाचा जिल्हा अस्तित्वात नव्हता. आणि जो जिल्हा नाही त्याला अनुशेष असू शकत नाही. जायकवाडी आणि पूर्णा यांच्या कालव्यांनी भिजलेली परभणीची सपाट जमीन, आणि सेनगाव-कळमनुरीची उंचसखल, मुरमाड जमीन यांची एकच सरासरी निघाली. सरासरीत सेनगाव भिजले. जिल्हा झाल्यावरही हाच न्याय एक पायरी खाली लागू होतो, कारण वसमत आणि सेनगाव यांची सरासरी आता हिंगोलीच्या नावावर निघते. सरासरी हा एक अलंकार आहे, आणि तोही असा की ज्याच्यावर घातला जातो त्याला तो दिसत नाही.

पाण्याच्या वाटपाची कायदेशीर भाषा पाहिली तर हीच गोष्ट आणखी वरच्या पातळीवर दिसते. गोदावरी पाणीतंटा लवादाच्या १९८० च्या निवाड्यात महाराष्ट्राला गोदावरीवर पैठण धरणस्थळापर्यंतचे आणि पूर्णेवर सिद्धेश्वर धरणस्थळापर्यंतचे सर्व पाणी वापरण्याची मुभा मिळाली. त्या स्थळांच्या खाली, पोचमपाडपर्यंत, नव्या प्रकल्पांसाठी ६० अब्ज घनफुटांची मर्यादा आली. सिद्धेश्वर औंढा नागनाथ तालुक्यात आहे. ज्या तालुक्यात देऊळ फिरल्याची कथा सांगितली जाते त्याच तालुक्यातून राज्याराज्यांतील पाण्याची रेषा गेली आहे. निवाड्याच्या भाषेत हक्कदार कोण? राज्य. पाणी राज्याला मिळते, राज्य ते प्रकल्पाला देते, प्रकल्प लाभक्षेत्राला देतो, लाभक्षेत्रात ज्याच्या नावे सातबारा आहे त्याला ते मिळते. या साखळीच्या कोणत्याही कडीत ‘माणूस’ हा शब्द, त्याच्या तहानेसह, स्वतंत्रपणे येत नाही. भूमिहीन हा या वाक्यरचनेत कर्ताही नाही आणि कर्मही नाही.

हिंगोलीत असा माणूस थोडाथोडका नाही. कळमनुरी, औंढा, सेनगाव या तालुक्यांच्या डोंगराळ भागात आंध आदिवासींची गावे आहेत, बंजारा तांडे आहेत. दिवाळीच्या सुमारास तांड्यांतून आणि वाड्यांतून माणसे ऊसतोडीला निघतात. बिऱ्हाडे पाठीशी बांधून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. याचा अर्थ सरळ आहे. पाणी त्यांच्याकडे आले नाही, म्हणून ते पाण्याकडे जातात. आणि तेथे गेल्यावर पाण्याने वाढवलेले पीक कापण्यापुरताच त्यांचा पाण्याशी संबंध असतो. या स्थलांतराला ‘हंगामी’ म्हणण्याची पद्धत आहे. वर्षाचे पाच-सहा महिने चालणाऱ्या आणि पिढ्यान्पिढ्या चालू असलेल्या गोष्टीला हंगामी म्हणणे, यातही भाषेचेच कौशल्य आहे.

अलीकडील वादाने हे सारे प्रश्न पुन्हा पृष्ठभागावर आणले. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचा भाग म्हणून कयाधूवर कळमनुरी तालुक्यात सापळी येथे धरण बांधण्याचा प्रस्ताव अनेक दशके होता आणि बुडीत क्षेत्रातील गावांनी त्याला सातत्याने विरोध केला. पुढे खरबी येथे बंधारा बांधून कयाधूचे पाणी इसापूर धरणात वळवण्याची योजना आली. तिच्याविरुद्धही २०२० नंतरच्या वर्षांत हिंगोलीत आंदोलने झाली. त्यांतील भूमिका थोडक्यात अशी: इसापूरचे पाणी मुख्यतः खाली नांदेडकडे जाते; हिंगोलीचे सिंचन आधीच अपुरे; असे असताना जिल्ह्याच्या मधोमध वाहणारी एकमेव मोठी नदी वळवली तर तिच्या काठच्या गावांनी काय करावे? दुसरी बाजूही आहे. ज्यांच्या शेतापर्यंत इसापूरचा कालवा खोदला गेला आणि पाणी आले नाही, तो खालचा शेतकरीही याच मराठवाड्याचा आहे, आणि धरणात पुरेसे पाणी नसणे हा त्याच्यावरील अन्यायच आहे.

येथे निर्णय देणे अवघड आहे, परंतु एक निरीक्षण टाळता येत नाही. हा संघर्ष दोन जिल्ह्यांच्या नावाने लढला गेला. हिंगोलीचे पाणी, नांदेडचे पाणी. अनुशेषाच्या परिभाषेने अन्यायाला जे एकक दिले ते जिल्हा, म्हणून विरोधालाही तेच एकक उचलावे लागले. कयाधूचे पाणी हिंगोलीत राहिले तर ते हिंगोलीतील कोणाला मिळेल, हा प्रश्न मागे पडला. अगदी शब्दशः मागे. तांड्याला आणि आंधांच्या वाडीला त्या पाण्यात वाटा असेल की नाही, याची चर्चा जिल्ह्याच्या स्वाभिमानात बसत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाची वेगळी मांडणी झालेलीच नाही असे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर देण्यात आले, भूमिहीनाचाही वाटा मान्य झाला आणि उसासारख्या पिकाला मनाई करण्यात आली. हा प्रयोग मर्यादित राहिला, त्याला अडचणीही आल्या. विचार म्हणून मात्र त्याची जातकुळी औंढ्याच्या कथेची आहे. पाणी पंचायतीने भूमिहीनाला जमीन मिळवून पुढे येण्यास सांगितले नाही. पाण्याचेच तोंड त्याच्याकडे केले. या प्रयोगाचा विचार जलव्यवस्थापनाच्या ग्रंथांत झाला. वारकरी विचारातील समतेच्या चर्चेत तो यायला हवा होता, कारण ‘भूत’ आणि ‘भूतमात्र’ यांविषयी बोलणाऱ्या परंपरेचा तो एक आधुनिक भाष्यग्रंथ आहे.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. ही आनंदाचीच गोष्ट आहे. आठ-नऊ महिने शेतात राहणारे, पावसाळा संपल्यावरही पाणी मागणारे आणि काढल्यावर शिजवण्यासाठी इंधन मागणारे हे पीक. लग्नाच्या अंगणापासून खंडोबाच्या भंडाऱ्यापर्यंत मराठी संस्कृतीचा अवघा पिवळा रंग त्यातून येतो. कायद्याने आता असे मान्य केले आहे की, या हळदीच्या गुणांत त्या भूमीचा वाटा आहे. एका वस्तूतून भूगोल वेगळा काढता येत नाही, हे बाजारपेठेसाठी मान्य करणारी व्यवस्था माणसाच्या बाबतीत तेच मान्य करण्यास मात्र कचरते. ऊसतोडीला गेलेल्या माणसाचे गाव त्याच्या नावाला चिकटलेले राहते ते केवळ मुकादमाच्या उचलीच्या वहीत.

या सर्वांत साहित्यसमीक्षेचा संबंध कोठे येतो, असा प्रश्न या ठिकाणी एखादा अभ्यासक विचारील. तो संबंध ‘पार्श्वभूमी’ या शब्दात आहे. ग्रामीण कादंबरीची पार्श्वभूमी, प्रादेशिक कथेची पार्श्वभूमी असे आपण सहज लिहितो. पार्श्वभूमी म्हणजे मागची, बाजूची भूमी. पुढे पात्रे, त्यांचे संघर्ष, त्यांचे मनोव्यापार; आणि मागे नदी, माळ, पाऊस. समीक्षेच्या या मांडणीत निसर्ग जातो कोठे, तर नेमका जेथे नामदेवांना बसवले होते तेथे. वसमत तालुक्यातील रिधोऱ्याचे कवी इंद्रजित भालेराव यांच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘पीकपाणी’. मराठवाड्यात एकमेकांच्या खुशालीची चौकशी ज्या शब्दाने होते, तो हा शब्द. पीक आणि पाणी यांचा समास होऊन त्यातून माणसाची अवस्था सांगितली जाते. येथे पाणी कशाच्याही मागे उभे नाही. अशा कवितेला ‘ग्रामीण जाणिवेची कविता’ म्हणून एका कप्प्यात ठेवून आपण तिच्या नावातच असलेला सिद्धान्त वाचायचा राहून गेलो. देशीवादाच्या चर्चेतही भूमीची भाषा पुष्कळ झाली. त्या भूमीच्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, ही विचारणा त्या मानाने विरळ होती.

लोकसाहित्याच्या संकलनातही अशीच एक पोकळी आहे. जात्यावरच्या ओव्या मराठवाड्यातून विपुल गोळा झाल्या. दळताना, कांडताना, पाळणा हलवताना, भोंडल्याला म्हटलेली गाणी वर्गवारीने छापली गेली. पाणी भरण्याचे गाणे मात्र आपल्याकडे येते ते मुख्यत्वे गौळणीतून. आणि तेथे यमुना भरलेली असते, घागर फुटते ती कृष्णाच्या खोडीने, आणि वाटेत अडवले जाणे हा खेळ असतो. सेनगावच्या चढावरून डोक्यावर दोन आणि कमरेवर एक अशी भांडी घेऊन फाल्गुन-चैत्रात चालणारी बाई काही गाते का? की दळताना बसलेल्या अंगाला जो श्वास पुरतो तो चढ चढताना गाण्याला उरत नाही? संकलकांनी गाणे नोंदवले तेव्हा गायिकेचे गाव लिहिले, क्वचित तिची जात आणि वयही लिहिले. तिचे पाणी किती अंतरावर होते हे लिहिण्याचे कोणास सुचले नाही. प्रकल्प अहवालांच्या परिशिष्टांत बुडणाऱ्या गावांची यादी असते, विहिरींची आणि झाडांची मोजदाद असते, मोबदल्याचा दर असतो. तेथेही ती नाही.

टंचाईच्या वर्षी तहसील कार्यालयात टँकरच्या खेपांची नोंद होते. टँकर कोठून भरला, कोणत्या गावी किती वाजता गेला, किती खेपा झाल्या, त्या नोंदीवर गावातील कोणाची सही आहे, हे सारे त्या वहीत असते. मराठी विभागाच्या एखाद्या विद्यार्थ्याने अशी एक वही समोर घ्यावी, त्याच गावातून गोळा झालेल्या ओव्या शेजारी ठेवाव्यात, आणि दोन्हींत कोणत्या विहिरीची, ओढ्याची, डोहाची नावे येतात ती उतरवून काढावीत. ओव्यांत असलेली किती नावे वहीत उरली आहेत हे पाहण्यासाठी कोणत्याही आयात सिद्धान्ताची गरज पडणार नाही. कळमनुरीपर्यंत एसटीचे भाडे आणि एक उन्हाळा पुरे आहे.